अक्षराखालची रेघ

अप्पा म्हणायचे, लिहितो तो विसराळू.
हलशीच्या घरात पोथी होती,
लाल फडक्यात, वरच्या फळीवर.
ती कुणी उघडायची नाही.
धूळ खायला ठेवलीय, म्हणायचे,
तिचं तेवढंच काम.

शिकणं तोंडातून कानात,
कानातून परत तोंडात.
पहाटे साडेचारला जंगलाकडून गारठा आत शिरायचा
आणि माझी मान त्यांच्या तळव्यात.
अनुदात्ताला खाली दाबायचे, स्वरिताला वर,
कुंभार ओल्या मडक्याचा गळा फिरवतो तशी.
अर्थ विचारला एकदा.
म्हणाले, "आधी ओझं उचल.
आत काय आहे ते घरी पोचल्यावर बघ."

नवव्या वर्षी, घन शिकायच्या आधीच, मी घन केला:
आई ताक, ताक आई,
आई ताक भात,
भात ताक आई,
आई ताक भात.
स्वर एकही चुकला नव्हता.
कानाखाली बसली, तीही स्वरातच.
त्याच वर्षी मामाकडे पळालो.

खानापुरात स्टेशन रोडला माझं दुकान आहे.
पाट्या, नंबरप्लेटा, टेंपोच्या पाठीवर देवांची नावं.
कन्नड वर, मोठं. मराठी खाली, मावेल तेवढं.
नोव्हेंबरात कुणीतरी डांबर फासून जातं,
कधी वरच्या ओळीला, कधी खालच्या,
डिसेंबरात तीच पाटी माझ्याकडे परत.
अर्ध्या दरात करतो.
अप्पा एकदाच दुकानात आले.
"अक्षर म्हणजे न झिजणारं," ओल्या रंगाकडे बघत म्हणाले,
"तुझं तर वर्षाला मरतंय रे."
चहा न पिताच गेले.

मग झटका. उजवी बाजू गेली.
बेळगावच्या सिव्हिलमध्ये सतरा नंबरची खाट.
पाणी हा शब्द गेला. माझं नाव गेलं.
सिस्टर रेणव्वा विचारते, "अज्जा, ऊटा आतेन्री?"
एस्टी निघून गेल्यावर माणूस रस्त्याकडे बघतो
तसे तिच्याकडे बघतात.
राहिला डावा हात,
जो त्यांनी आयुष्यभर देवापुढे केला नाही.
तो चादरीवर हलत असतो,
खाली, सरळ, वर, खाली.
रेणव्वाला वाटतं, माशा हाकलतात.

गुरुवारी गोकाकहून प्राणेश आला.
शेवटचा शिष्य. घरी कन्नड बोलणारा,
आता कौलांच्या कारखान्यात हिशेब लिहितो.
स्टुलावर बसून म्हणू लागला, दबकत,
कारण शेजारी अपेंडिक्सचा पेशंट नुकता झोपलेला.
डावा हात त्याच्या मागोमाग चालला.
बराच वेळ चालला.
मग कुठल्याशा पदावर थांबला,
दोन बोटं खाटेच्या लोखंडावर:
टक्. टक्.
प्राणेश गप्प. मागे गेला, तो स्वर उचलून नीट ठेवला,
डोळे पुसले, पुढे निघाला.

मी औषधांची पिशवी धरून दाराशी उभा.
बोटं आपटली त्याच्या अर्धा क्षण आधी
माझी मान अडली होती.

चाळीस वर्षांत एक ओळ म्हटली नाही,
एका शब्दाचा अर्थ ठाऊक नाही,
आणि मानेला कळलं, इथे चुकलं.
हात लावून बघितला मागे.
हाड होतं. थोडा घाम होता.

काल खतांच्या दुकानाची पाटी पुरी केली.
कन्नड वर, मोठं. मराठी खाली.
शेवटच्या अक्षराखाली ब्रशने
एक बारीक आडवी रेघ ओढली,
मी सांगितलं नव्हतं.
मालकाने चष्मा कपाळावर चढवला.
"हे काय करून ठेवलास? पुसून टाक की."
मी म्हटलं, रंग वाळलाय.

वाळला नव्हता.